सिएटल पायलट्स : टोपीवर कॅप्टन, तिजोरीत खडखडाट

मार्च १९७० संपत आला होता. ॲरिझोनातल्या टेंपी गावचं सराव शिबिर आटोपून एका बेसबॉल संघाचं सामान ट्रकने निघालं आणि युटा राज्यातल्या प्रोव्होला येऊन थांबलं. पुढे वायव्येला वळायचं की पूर्वेला, हे चालवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. वायव्येला सिएटल, पूर्वेला मिलवॉकी. निकाल कोर्टात अडकला होता आणि तो लागेपर्यंत सामानाने जागचं हलायचं नव्हतं. हंगामाचा पहिला सामना ७ एप्रिलला. खेळाडू तयार, वेळापत्रक तयार, फक्त गाव कुठलं ते ठरायचं होतं.

हा संघ म्हणजे सिएटल पायलट्स. १९६९ मध्ये जन्मला, एकच हंगाम खेळला, दिवाळखोरीत गेला आणि मिलवॉकी ब्रुअर्स या नावाने पुन्हा उभा राहिला. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या दोन सर्वोच्च लीगांपैकी एक म्हणजे अमेरिकन लीग. तिच्या इतिहासात पहिला हंगाम संपताच गाव सोडणारे संघ दोनच. त्यातला पहिला १९०१ चा, तो मिलवॉकीतून सेंट लुईसला गेला आणि गंमत म्हणजे त्याचंही नाव ब्रुअर्सच होतं.

बेसबॉलमध्ये लीगने नव्याने काढलेल्या संघाला एक्सपान्शन टीम म्हणतात. आपल्याला आयपीएलमुळे ही भानगड थोडीफार कळते. पुण्याने तर दोन फ्रँचायझी आल्या-गेल्या बघितल्या, आणि दुसरीने दुसऱ्या हंगामात नावातला शेवटचा ‘स’ गाळून ‘सुपरजायंट्स’चं ‘सुपरजायंट’ केलं तेही बघितलं. पण तिकडे खेळाडू मिळवायची रीत वेगळी होती. जुने संघ आपापले मोहरे राखून ठेवत आणि उरलेल्यांतून नव्या संघाने निवडायचं. वर त्या उरलेल्यांचे पैसेही मोजायचे. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन लीगने प्रत्येक खेळाडूची किंमत लावली १ लाख ७५ हजार डॉलर. असे ३० खेळाडू आणि वर लीगचं शुल्क धरून सिएटलच्या मालकांना ५३ लाख ५० हजार डॉलर भरावे लागले. थोडक्यात, दुसऱ्यांच्या माळ्यावरची भांडी नव्याच्या भावाने घ्यायची.

पायलट्स का बुडाले याची साधी उत्तरं पुष्कळ आहेत : मैदान वाईट, पैसा कमी, खेळ यथातथा. ती खरी आहेतच. मला मात्र हे प्रकरण नावाच्या बाजूने पाहावंसं वाटतं, कारण संघाचं नाव नेमकं कुणाच्या मालकीचं होतं हे पाहिलं की बाकीचा गुंता बराच सुटतो.

मिसूरीच्या सिनेटरचा राग

गोष्ट सिएटलमध्ये सुरूच होत नाही. ती सुरू होते कॅन्सस सिटीत. ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकन लीगने चार्ल्स फिन्ली या मालकाला त्याचा ॲथलेटिक्स संघ कॅन्सस सिटीतून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला न्यायची परवानगी दिली. मिसूरीचे सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन खवळले. बेसबॉलला १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळालेली आहे. त्या सुटीलाच हात घालू, असं सिमिंग्टन यांनी बजावलं. मालकांसाठी ही सूट म्हणजे कोंबडी आणि अंडी दोन्ही. त्यांनी घाईघाईने कॅन्सस सिटीला नवा संघ देऊ केला, तोही १९७१ पर्यंत. एवढं थांबायला सिनेटर तयार होईनात. मग तारीख १९६९ वर आली.

लीगमध्ये तेव्हा दहा संघ होते. एक वाढवला की अकरा होतात, आणि अकरा संघांच्या लीगमध्ये रोज एक संघ बिनकामाचा बसतो. जोडी जुळवायला बारावा हवा. तो बारावा म्हणजे सिएटल. शहर काही ऐनवेळी पकडून आणलेलं नव्हतं. क्लीव्हलंडचा संघ तिथे हलवायचा विचार १९६४ मध्ये होऊन गेला होता. पण वेळापत्रक मात्र दुसऱ्या गावाच्या भांडणातून ठरलं. ज्या कामाला चार वर्षं मिळायची, ते दीड वर्षात उरकायचं होतं.

लीगने अटी घातल्या : जुनं स्टेडियम तीस हजार खुर्च्यांचं करा आणि छप्पर असलेल्या नव्या स्टेडियमसाठी पैसे मंजूर करून दाखवा. दुसरी अट लगेच पुरी झाली. फेब्रुवारी १९६८ मध्ये किंग काउंटीच्या मतदारांनी चार कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. लोकांना संघ हवा होता याचा याहून चांगला पुरावा कुठला? पण जागा कोणती यावर वाद पेटला आणि पुढची काही वर्षं तो विझलाच नाही. किंगडोम नावाचं ते स्टेडियम उघडलं १९७६ मध्ये, म्हणजे ज्याच्यासाठी ते बांधायचं ठरलं त्या संघाला गाव सोडून सहा वर्षं झाल्यावर.

नाव कुणाचं?

१९६९ मध्ये दोन्ही सर्वोच्च लीग मिळून एकूण चार नवे संघ आले. चौघांची नावं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

सॅन डिएगो पाद्रेज : स्पॅनिश मिशनऱ्यांवरून. तिथे १९३६ पासून याच नावाचा खालच्या श्रेणीतला संघ होता. नव्याने तेच पुढे चालवलं. माँट्रियल एक्स्पोज : १९६७ च्या तिथल्या जागतिक प्रदर्शनावरून. कॅन्सस सिटी रॉयल्स : नाव ऐकून राजे-महाराजे डोळ्यासमोर येतात, पण मुळात ते आहे ‘अमेरिकन रॉयल’ या गुराढोरांच्या प्रदर्शनावरून. तिथे ते १८९९ पासून भरतं. गुरांच्या बाजारावरून नाव घेणारा संघ म्हटल्यावर मला तरी रॉयल्सबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. तिन्ही नावांत गावाची काहीतरी ठेव आहे.

आता पायलट्स. नव्या संघाचा अध्यक्ष होता ड्युई सोरियानो. तरुणपणी सिएटलच्याच संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मग त्याच संघाचा व्यवस्थापक, पुढे पॅसिफिक कोस्ट लीग या मोठ्या प्रादेशिक लीगचा अध्यक्ष. शिवाय अधूनमधून जहाजांवर पायलट. हा पायलट विमानातला नव्हे, बंदरातला. मुंबई बंदरात मोठं जहाज शिरताना बंदराचा पायलट लहान बोटीतून येऊन दोरीच्या शिडीने वर चढतो आणि जहाज धक्क्याला लावून देतो, तोच पेशा. सिएटलमध्ये बोइंगचे कारखाने होतेच, तेव्हा नावाला आकाशही मिळालं. बोधचिन्हात जहाजाचं सुकाणूचाक, मधोमध बेसबॉलचा चेंडू आणि दोन्ही बाजूंना पंख.

म्हणजे नाव होतं हुशारीचं, गावाला शोभणारं. पण ते अध्यक्षाच्या उपजीविकेतून आलं होतं, लोकांच्या तोंडून नाही.

लोकांच्या तोंडी वेगळंच नाव होतं : रेनियर्स. रेनियर हा सिएटलच्या क्षितिजावरचा बर्फाचा पर्वत. पर्वतावरून बिअरचं नाव पडलं आणि बिअरवरून संघाचं. एमिल सिक या बिअर उत्पादकाने १९३८ मध्ये गावचा संघ विकत घेतला, त्याला आपल्या बिअरचं नाव दिलं आणि स्वतःच्या नावाचं मैदान बांधलं. शुद्ध जाहिरातबाजी. तरीही पंचवीसेक वर्षांत ते नाव गावाच्या अंगवळणी पडलं. जाहिरातीचं नाव मुरलं की ते जाहिरातीचं राहत नाही; आपल्याकडेही डालडा कुणा कंपनीचा आहे हे कुणाला आठवायचं?

सिक यांच्याकडून संघ गेला आणि १९६५ पासून कॅलिफोर्निया एंजल्सच्या शाखेचा संघ म्हणून सिएटलमध्ये ‘सिएटल एंजल्स’ खेळू लागले. मग १९६९ मध्ये पायलट्स. पाच वर्षांत एकाच मैदानावर तिसरी पाटी. त्या काळात नवं नाव लावायचं म्हणजे काळाच्या पुढचं काहीतरी शोधायचं, असा वाराच होता. ह्यूस्टनचा १९६२ चा संघ पिस्तुलाच्या नावाने कोल्ट फॉर्टीफाइव्ह्ज म्हणून जन्मला आणि तीन वर्षांत अंतराळयुगाच्या नादात ॲस्ट्रोज झाला. सिएटलच्याच बास्केटबॉल संघाने १९६७ मध्ये बोइंगच्या स्वनातीत विमानाच्या प्रकल्पावरून सुपरसॉनिक्स हे नाव घेतलं. ते विमान १९७१ मध्ये रद्द झालं. संघ मात्र त्या नावाने चार दशकं खेळला. २००८ मध्ये तो ओक्लाहोमाला गेला तेव्हा तडजोडीत नाव आणि रंग सिएटलसाठी मागे ठेवावे लागले. पायलट्सच्या वेळी असं काही मागावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. मागायला नाव तरी कुठे मुरलं होतं?

गणवेशाबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण तो या प्रकरणातला मुद्देमाल आहे. बेसबॉलच्या साध्या टोपीवर पायलट्सनी जहाजाच्या कप्तानाची झूल चढवली : टोपीच्या छज्ज्यावर सोनेरी पानाफुलांचं भरतकाम. इंग्रजी बोलणाऱ्या नौदलांत या भरतकामाला थट्टेने ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ म्हणतात, म्हणजे आपली भुर्जी. शर्टाच्या बाह्यांवर जहाजावरच्या अधिकाऱ्यासारखे पट्टे. कपाळावर सोन्याची भुर्जी घेऊन मोठी माणसं उन्हात चेंडूमागे पळताहेत, हे दृश्य खेळाडूंना स्वतःलाच अवघडवून टाकणारं होतं. आज त्याच टोप्या जुन्या वस्तूंच्या शौकिनांना हव्या असतात.

एमिल सिकचं मैदान

मैदानाचं नाव सिक्स स्टेडियम. त्यात सहाचा संबंध नाही; मालकाचं आडनाव सिक. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ आजारी, आणि १९६९ मध्ये त्यावर विनोद करायला वार्ताहरांना फारसा घाम गाळावा लागला नसेल.

११ एप्रिल १९६९, घरच्या मैदानावरचा पहिला सामना, समोर शिकागो व्हाइट सॉक्स. सुतार अजून खुर्च्या ठोकत होते. तिकीट काढून आलेल्या काही प्रेक्षकांना आपली जागा तयार होईपर्यंत ताटकळावं लागलं आणि तोवर खेळाच्या नऊपैकी दोन-तीन इनिंग उलटून गेल्या. लग्नाला पाहुणे आले आणि मांडव घालणं चालूच, तसा प्रकार. तीस हजारांची अट होती. त्या दिवशी जागा होती जेमतेम सतरा-अठरा हजारांची. जूनपर्यंत ती पंचवीस हजारांवर पोचली आणि तिथेच थांबली. सामना मात्र पायलट्सनी ७-० असा झोकात जिंकला. गॅरी बेलने समोरच्यांना एकही धाव करू दिली नाही.

पाण्याचा दाब ही तर वेगळीच कहाणी. दहा हजारांच्या वर माणूस आलं की सातव्या इनिंगनंतर नळांना पाणी येईनासं व्हायचं. सामना संपल्यावर पाहुण्या खेळाडूंना अंघोळीला हॉटेल गाठावं लागे. हंगामभरात प्रेक्षक आले ६ लाख ७७ हजार ९४४, म्हणजे सामन्यामागे आठ हजारांच्या जरा वर. नळांची लाज राखली ती रिकाम्या खुर्च्यांनी.

आणि मला सगळ्यात आवडणारा तपशील आरशाचा. पाहुण्या संघाचे समालोचक जिथे बसत, तिथून तिसऱ्या बेसचा आणि डाव्या कोपऱ्याचा भाग दिसायचाच नाही. उपाय म्हणून तिथे आरसा टांगला. हजारो मैलांवरच्या श्रोत्यांना रेडिओवर खेळ सांगणारा माणूस आरशात बघून सांगतो आहे की चेंडू झेलला. सांगताना डावं-उजवं मनातल्या मनात उलटं करायचं, हे वर.

या मैदानाचे मालक होते सिएटल शहर. भाडं कुणी किती द्यायचं, डागडुजीचा खर्च कुणाचा, यावरून शहर आणि क्लब यांचं वर्षभर वाजत राहिलं. महापौरांनी संघाला मैदानाबाहेर काढायची धमकीही देऊन झाली.

हंगाम

खेळाबद्दल थोडक्यात. ८ एप्रिलला ॲनहाइममध्ये कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्ध पहिल्याच इनिंगमध्ये चार धावा, सामना ४-३ ने खिशात. ऑगस्टपर्यंत हवा निघून गेली. शेवट ६४ विजय, ९८ पराभव, आपल्या गटात तळाला, पहिल्या आलेल्या मिनेसोटाच्या ३३ सामने मागे. पहिल्या वर्षीच्या संघासाठी हे काही लाजिरवाणं नाही. त्याच वर्षी सॅन डिएगो आणि माँट्रियल प्रत्येकी ११० सामने हरले. टॉमी हार्परने ७३ बेस चोरले, म्हणजे चेंडू मारला जाण्याची वाट न बघता पळून पुढचा टप्पा गाठला, सगळ्या लीगमध्ये जास्त. डॉन मिंचरने २५ होम रन मारले.

एक चूक मात्र ठळक. लू पिनिएला नावाचा पोरगा पायलट्सच्या हातात होता. हंगामाला आठवडा उरला असताना, १ एप्रिलला, त्यांनी तो रॉयल्सना देऊन टाकला. वर्षअखेरीला पिनिएला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढे हाच माणूस १९९३ ते २००२ सिएटल मरिनर्सचा मॅनेजर होता आणि २००१ मध्ये त्याच्या हाताखाली मरिनर्सनी ११६ सामने जिंकले. सिएटलला पिनिएला मिळाला, फक्त चोवीस वर्षं उशिरा आणि दुसऱ्या संघाच्या टोपीत.

जिम बाउटन या पिचरने त्या हंगामाची डायरी लिहिली आणि ती पुढच्याच वर्षी पुस्तक होऊन आली. आज पायलट्स कुणाला माहीत असतील तर मुख्यतः त्यामुळे.

पैशाचं गणित

ड्युई सोरियानो आणि त्याचा भाऊ मॅक्स यांची कंपनी होती पॅसिफिक नॉर्थवेस्ट स्पोर्ट्स. दोघांकडे बेसबॉलची जाण होती, गावात पत होती. नव्हता तो पैसा. लीगचे ५३ लाख भरायलाच त्यांना विल्यम डेली याच्याकडे जावं लागलं. क्लीव्हलंडच्या संघाचा हा माजी मालक. १९६४ मध्ये क्लीव्हलंडहून सिएटलला यायचा विचार करणारा तोच. त्याने ४७ टक्के हिस्सा घेतला आणि तो कंपनीतला सगळ्यात मोठा भागीदार झाला. म्हणजे सिएटलच्या संघाचा सर्वांत जड खिसा सिएटलचा नव्हता. डेलीचं घर क्लीव्हलंडला, धंदे क्लीव्हलंडला. पहिला हंगाम तोट्यात गेला तसा त्याने आणखी पैसा घालायला नकार दिला. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं.

गावाची हवाही बदलत होती. बोइंगमध्ये कपात सुरू झाली होती. १९६७ च्या सुमारास लाखभर माणसं तिथे कामाला होती. १९७१ पर्यंत चाळीस हजारांच्याही खाली आली. ज्या धंद्याच्या जोरावर संघाच्या बोधचिन्हाला पंख लावले, तोच धंदा घरी बसत होता.

ऑक्टोबर १९६९. बाल्टिमोरला वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, पहिला सामना चालू होता आणि त्याच वेळी सोरियानो बंधूंनी मिलवॉकीच्या बड सेलिगशी संघ विकायचा गुपचूप सौदा ठरवला. बातमी फुटली तसे वॉशिंग्टन राज्याचे दोन्ही सिनेटर, वॉरन मॅग्नसन आणि हेन्री जॅक्सन, आणि राज्याचे महाअधिवक्ता स्लेड गॉर्टन आडवे आले. लीगने गावातल्या खरेदीदाराला संधी द्यायचं कबूल केलं. फ्रेड डान्झ या थिएटर मालकाने एक कोटीच्या वरची बोली लावली. तेवढ्यात बँक ऑफ कॅलिफोर्नियाने संघाला दिलेलं ४० लाखांचं कर्ज परत मागितलं आणि डान्झचा बेत तिथेच गडगडला. मग हॉटेल व्यवसायातल्या एडी कार्लसन यांनी ना-नफा तत्त्वावर, गावच्या मालकीचा म्हणता येईल असा संघ चालवायचा प्रस्ताव आणला. लीगच्या मालकांनी तो फेटाळला. ना-नफा संघ एकदा आला की बाकीच्यांच्या संघांचा बाजारभाव पडेल, ही त्यांची धास्ती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त दोष द्यायचा तर तो या नकाराला. सोरियानोंकडे पैसा नव्हता हे लीगला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, ते चाललं. गावाने संघ स्वतःचा करायचं म्हटलं, तेव्हा मात्र नियम आठवले.

१७ मार्च १९७० ला राज्याने विक्रीविरुद्ध मनाईहुकूम मिळवला. मालकांनी त्याला बगल द्यायला दिवाळखोरीचा अर्ज केला, कारण दिवाळखोरीचं कोर्ट केंद्राचं. तिथे जनरल मॅनेजर मार्विन मिल्कीस याने साक्ष दिली की खेळाडू, प्रशिक्षक, कचेरीतले लोक यांचे पगार करायला पैसे नाहीत. इथे एक बारीक कलम निर्णायक ठरलं. पगार दहा दिवसांहून जास्त थकला की खेळाडू करारातून मोकळे होणार होते. म्हणजे आणखी थोडं ताणलं असतं तर विकायला संघच उरला नसता, उरली असती फक्त टोप्यांची खोकी. ३१ मार्चच्या रात्री न्यायाधीश सिडनी व्होलिन यांनी पायलट्सचं दिवाळं जाहीर केलं आणि १ कोटी ८ लाख डॉलरना ते सेलिगकडे जायला वाट मोकळी केली. प्रोव्होतलं सामान पूर्वेकडे निघालं.

उसवलेलं नाव

मिलवॉकीत परिस्थिती नेमकी उलटी : नाव होतं, संघ नव्हता.

ब्रुअर्स म्हणजे बिअर गाळणारे. जर्मन वस्तीच्या या गावात तो धंदा घरोघरचा. १९०१ चे ब्रुअर्स सेंट लुईसला गेले आणि लगेच १९०२ मध्ये गावाने त्याच नावाचा दुय्यम लीगमधला संघ उभा केला. तो पन्नास वर्षं चालला. १९५३ मध्ये बोस्टनहून ब्रेव्हज आले, तेरा हंगाम खेळले आणि १९६६ ला अटलांटाला निघून गेले. सेलिग हा गाड्यांच्या शोरूमवाला तरुण ब्रेव्हजमध्ये छोटा भागीदार होता. त्याने गावात बेसबॉल परत आणायचा ध्यास घेतला, आणि संघ हाती नसतानाच आपल्या कंपनीला नाव दिलं मिलवॉकी ब्रुअर्स बेसबॉल क्लब. शिकागो व्हाइट सॉक्सना विनवून त्याने १९६८ मध्ये नऊ आणि १९६९ मध्ये अकरा सामने मिलवॉकीत खेळवूनही दाखवले. बाळाआधी पाळणा बांधलेला, त्यावर नाव कोरलेलं.

जुन्या ब्रुअर्सच्या आठवणीसाठी सेलिगच्या मनात गडद निळा आणि लाल हे रंग होते. पण हाताशी दिवस उरले सहा. नवे कपडे शिवायला वेळ कुठला? मग पायलट्सचेच शर्ट घेतले, छातीवरचं ‘पायलट्स’ उसवलं आणि त्या जागी ‘ब्रुअर्स’ शिवलं. शिवणीच्या खुणा कुठे जातात? जवळून पाहिलं की नव्या अक्षरांखाली जुन्यांची कड दिसायची. बाह्यांवरचे पट्टे तर काढलेच नाहीत. समुद्रापासून शेकडो मैल आत, बिअरच्या गावात, संघ उतरला तो जहाजाच्या अधिकाऱ्यांचे पट्टे दंडावर मिरवत.

७ एप्रिल १९७०. काउंटी स्टेडियमवर ३७,२३७ माणसं. सिएटलचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं असल्यामुळे पाहुणे होते कॅलिफोर्निया एंजल्स. ब्रुअर्स १२-० ने हरले. वर्षअखेरीला ६५ विजय, ९७ पराभव, म्हणजे सिएटलपेक्षा बरोब्बर एक सामना बरा. प्रेक्षक मात्र नऊ लाखांच्या वर गेले. खेळाडू जवळपास तेच, हरणं तेच, कपडेही तेच. नाव तेवढं गावाच्या ओळखीचं होतं.

निळा आणि पिवळा हे रंग घाईत चिकटले ते कायमचे. छटा बदलत राहिल्या, तरी मिलवॉकीचा संघ आजही निळ्या-पिवळ्यातच खेळतो, आणि त्यांच्या अधिकृत विक्रमपुस्तकात पहिली ओळ असते सिएटल, १९६९, ६४-९८. सेलिग पुढे सगळ्या बेसबॉलचा कमिशनर झाला.

दावा

सिएटलने मागे काय राहिलं ते गोळा केलं आणि कोर्ट गाठलं. १९७० मध्ये राज्य, काउंटी आणि शहर या तिघांनी मिळून अमेरिकन लीगवर ३ कोटी २५ लाख डॉलरचा दावा ठोकला. आम्ही रोखे मंजूर केले, तुम्ही शब्द मोडलात, असा सरळ मुद्दा. वकील होते विल्यम ड्वायर. खटला प्रत्यक्ष उभा राहिला जानेवारी १९७६ मध्ये, एव्हरेटच्या कोर्टात. संघांचे मालक साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून एकमेकांशी न जुळणारं बोलू लागले तशी लीगने हवा ओळखली आणि तडजोड केली : दावा मागे घ्या, सिएटलला नवा संघ घ्या. पुन्हा आकडा विषम होऊ नये म्हणून टोरांटोलाही एक मिळाला. इतिहासाला पुनरावृत्तीची सवय असतेच, पण इतक्या हिशेबीपणाने?

या वेळी नाव लोकांना विचारलं. स्पर्धा ठेवली, हजारो चिठ्ठ्या आल्या आणि निवडलं गेलं मरिनर्स, म्हणजे दर्यावर्दी. समुद्र तोच, फक्त जहाजावर शिडीने चढून येणारा पायलट जाऊन त्याच्या जागी जहाजावरच राहणारे आले. रेनियर्स हे नावही मेलं नाही. ते शेजारच्या टॅकोमाच्या दुय्यम संघाने १९९५ मध्ये घेतलं, आणि तो आज मरिनर्सचाच शाखा-संघ आहे. एमिल सिकचं मैदान १९७९ मध्ये पाडलं. त्या जागी आता हार्डवेअरचं मोठं दुकान आहे.

६ एप्रिल १९७७, किंगडोम, मरिनर्सचा पहिला सामना, ५७,७६२ प्रेक्षक. समोर पुन्हा कॅलिफोर्निया एंजल्स. पायलट्सची सुरुवात त्यांच्याशी, ब्रुअर्सची त्यांच्याशी, आणि आता मरिनर्सचीही. सिएटलच्या बाजूने चेंडू घेऊन उभा होता क्यूबाचा दिएगो सेगी, वय ३९. आठ वर्षांपूर्वी ॲनहाइमला पायलट्सच्या त्या ४-३ विजयातही याने चेंडू टाकले होते. पायलट्स आणि मरिनर्स दोन्हींकडून खेळलेला तो एकटाच. गावाने त्याला लगेच नाव ठेवलं : एन्शंट मरिनर, म्हातारा दर्यावर्दी. सामना ७-० ने गेला. सेगी त्या हंगामात सात सामने हरला, एकही जिंकला नाही, आणि त्यानंतर या सर्वोच्च श्रेणीच्या बेसबॉलमध्ये पुन्हा दिसला नाही.